शंभर घरांचा आकडा

 

आजचा विषय बैठकीतूनच निघाला. बोलणं चाललं होतं हक्कसोडपत्राचं. बाप गेला की तलाठ्याकडे वारसांची नोंद होते, त्यात लेकींची नावं लागतात. मग एक दिवस भाऊ गाडी घेऊन येतो, बहीण तालुक्याला जाऊन सही करते आणि साडीचोळी घेऊन सासरी परतते. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी बायांना विचारावं की बाई, का सोडला, तर उत्तर ठरलेलं असतं. "साऱ्याच बहिणी सोडतात. मीच नाही म्हटलं तं माहेर तुटंल."

सही एकीची असते. निर्णय मात्र तिच्या आधी सही करून गेलेल्या साऱ्या बहिणींनी घेतलेला असतो.

गटात बसलं की माणूस बदलतो हे आम्ही रोज पाहतो. घरी चार माणसांत न बोलणारी बाई बँकेत मॅनेजरला विचारते, आमचं कर्ज का अडलं ते सांगा. आणि तीच बाई गटाच्या बैठकीत म्हणते, "मले काय इचारता, साऱ्याइचं जे, तेच माहं." ही दोन्ही रूपं गटानेच घडवलेली. म्हणून आज थोडं मागं जाऊन पाहू, की आपल्या महाराष्ट्रात माणसं एकत्र आली तेव्हा एकेकट्याच्या निर्णयाचं काय झालं. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि गड आठवतात. आमचा आजचा इतिहास सावकाराच्या वहीचा, लुगडं नेसण्याचा आणि सातबाऱ्याचा आहे.

सुरुवात करू कापसापासून, कारण कापूस आपल्याला कळतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल तेवढं कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला, आणि त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. पुणे-नगरकडचे शेतकरी कर्जरोख्यावर कर्जरोखे लिहून देत राहिले. काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. प्रत्येक जण आपापला एकटा सावकाराच्या ओट्यावर बसे, अंगठा उठवी आणि मान खाली घालून घरी येई.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची जमीन कुणी करायची नाही, त्यांच्याकडे पाणी भरायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही. गावोगाव तेच सुरू झालं. मग १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात जमाव जमला आणि सावकारांच्या वह्या, रोखे बाहेर काढून जाळले गेले. लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. बहुतेक ठिकाणी लोकांना माणसं मारायची नव्हती, त्यांना कागद हवा होता. शेवटी १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि रोख्यामागचा खरा व्यवहार काय होता हे न्यायालय तपासू लागलं.

शेतकरी तेच होते. काल अंगठा देणारा आज रोखा परत मागत होता, कारण आज शेजारी उभा होता. आपल्याकडे या दंग्याची गोष्ट इथपर्यंतच सांगतात. पण आम्हाला त्यातल्या न्हाव्याचा विचार पडतो. त्याला सावकाराची हजामत करून दोन पैसे मिळवायचे असते तर? त्याला कुणी विचारलं असेल का? बहिष्काराचं हत्यार दुधारी आहे. तेच हत्यार पिढ्यान्‌पिढ्या दलित वस्त्यांवर चाललं, जातीबाहेर लग्न करणाऱ्या लेकरांवर चाललं, जातपंचायतीपुढे मान न तुकवणाऱ्या बायांवर चाललं. ते थांबवायला महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा करावा लागला, आणि तो लागू झाला २०१७ मध्ये. सुपे ते हा कायदा, मध्ये एकशेचाळीस वर्षं गेली.

आता महाडला जाऊ. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. कायद्याने ते तळं त्याआधीच सगळ्यांना खुलं होतं. नगरपालिकेचा ठराव झालेला होता. पण एकट्यादुकट्याने जाऊन ओंजळ भरायची छाती कुणाची होणार? हक्क कागदावर असतो आणि तो वापरायला सोबत लागते, हे महाडच्या तळ्याइतकं स्पष्ट आम्हाला दुसरीकडे कुठे दिसत नाही. हक्कसोडपत्राच्या बहिणी आठवा.

पण आम्हाला जास्त जवळची वाटते ती त्याच वर्षीची डिसेंबरची परिषद. तिथे बाबासाहेब खास बायांशी बोलले. अंगावरच्या खुणांवरून तुमची जात ओळखू येते, त्या खुणा टाका, असं त्यांचं सांगणं होतं. तेव्हा दलित बाया लुगडं गुडघ्यापर्यंत नेसत, गळ्यात-हातात कथलाचे नाहीतर चांदीचे जाडजूड दागिने घालत. पायघोळ लुगडं नेसलं तर गावात काय होईल हे प्रत्येकीला ठाऊक होतं. आणि तरी दुसऱ्या दिवशी बाया नव्या पद्धतीने लुगडं नेसून परिषदेला आल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात दलित चळवळीतल्या अशा बायांचा इतिहास आहे. गावच्या वाचनालयात असेल तर जरूर मागून घ्या.

एका रात्रीत. विचार करा मैत्रिणींनो, नेसण्याची पद्धत ही किती खोल सवय असते. आई नेसवते तशी आपण नेसतो. एखाद्या लेखात वाचून, एखाद्या सरकारी पत्रकावरून कुणी ती बदललेली आम्ही ऐकलेलं नाही. इथे बदल झाला, कारण नेसताना प्रत्येकीला बाजूची नेसताना दिसत होती.

यानंतर १९७२-७३ च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याला आदिवासी बायांनी श्रमिक संघटनेतून दारूची मडकी फोडली, मारणाऱ्या नवऱ्याला जाब विचारायला घोळक्याने घरी गेल्या. त्यावर वेगळं भाषण करावं लागेल. आज आम्हाला थांबायचंय ते चांदवडला.

नाशिक जिल्ह्यातलं चांदवड. नोव्हेंबर १९८६ ची ९ आणि १० तारीख. शेतकरी संघटनेने शेतकरी बायांचं अधिवेशन भरवलं. शरद जोशी हे संघटनेचे नेते. ते स्वित्झर्लंडमधली मोठी नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले, आणि मग कांद्याच्या भावापासून आंदोलन उभं राहिलं. त्यांच्या सभांना माणसं लोटायची. पण चांदवडला बाया आल्या, लाखांच्या घरात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भाकरी बांधून. त्यातल्या कित्येकी आयुष्यात पहिल्यांदाच घरच्या माणसाशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या होत्या. आपल्या विदर्भातूनही गेल्या होत्या. त्या वेळी आपला वाशिम जिल्हा नव्हता, आपण अकोल्यात होतो. वाशिम वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला.

चांदवडला बाईच्या मालमत्तेच्या हक्काची गोष्ट उघड्यावर आली. जोशींचा प्रश्न असा होता, की सरकार आपल्या घामाचा दाम देत नाही म्हणून आपण ओरडतो, मग घरातली लक्ष्मी तुमच्याच वावरात जन्मभर राबते, तिच्या घामाचा हिशेब तुम्ही कधी केला का? निंदण, वेचणी, ढेप-पाणी, पुन्हा घरचा स्वयंपाक. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव नाही. नवऱ्याने टाकलं तर ती त्याच गावात दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाणार.

यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा. आता ऐका त्यातली गंमत. संघटनेने अट घातली, की एका गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी हे केलं तरच ते गाव 'लक्ष्मीमुक्ती गाव' म्हणून जाहीर होईल, आणि मग शरद जोशी स्वतः त्या गावात येतील.

शंभर का? दहा का नाही?

आम्ही यावर पुष्कळ चर्चा केली आहे, आणि आमचं मत असं झालंय की कार्यक्रमाचा खरा जीव त्या आकड्यातच होता. समजा गावात एकाच माणसाने बायकोच्या नावे दोन एकर केले. पारावर काय बोलणं होईल? बायकोच्या ताटाखालचं मांजर. म्हातारी म्हणेल, सुनेनं काही खाऊ घातलं असंल. भाऊबंद म्हणतील, उद्या जमीन माहेरच्या घशात जाणार. तो माणूस मनाने कितीही चांगला असो, हे ऐकायची त्याची तयारी नसते. बायकोचीही नसते. "मले नको वावर, घरात तंटा नको," असं बाईच म्हणते. मागितला नाही म्हणून हक्क नको होता, असं त्यावरून कुणी धरू नये.

आकडा शंभर ठेवला की गणित फिरतं. साठ घरांनी केलं, सत्तर झाली, आता तीस कमी आहेत. आता पारावर वेगळा प्रश्न विचारला जातो. तुझं काय राहिलं? गावाचं नाव तुझ्यापायी अडलंय. ज्या लाजेने काल हात धरला होता, तीच लाज आज हात ओढू लागते. आणि बायकोला घरात एक शब्द बोलावा लागत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात शंभरावर बायांच्या नावे जमीन झाली. त्याच गावाने ग्रामपंचायतीवर सगळ्याच्या सगळ्या बाया निवडून दिल्या. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेड्यानेही सगळी महिलांची ग्रामपंचायत पाहिली.

सगळंच गोड झालं असं आम्ही म्हणणार नाही. नाव लागलं म्हणून तूर कधी विकायची हे बाई ठरवू लागली, असं सगळीकडे घडलं नाही. काहींनी बांधाकडचा मुरमाड तुकडा दिला. पण दारूपायी वावर विकायला निघालेल्या नवऱ्याला बायकोची सही घ्यावी लागली, आणि पुष्कळदा तेवढ्याने वावर वाचतं. सरकारनेही १९९२ साली 'लक्ष्मीमुक्ती' याच नावाने परिपत्रक काढलं. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर त्याच्या हयातीत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. अर्ज नवऱ्याचा लागतो, हे ध्यानात घ्या. तहसील कार्यालयात 'लक्ष्मीमुक्ती' हा शब्द उच्चारून विचारा. विचारायला पाच जणी मिळून जा.

यवतमाळ जिल्ह्यातच राळेगाव तालुक्यात रावेरी गाव आहे, तिथे सीतेचं देऊळ आहे. गरोदरपणी टाकून दिलेली सीता तिथे राहिली, बाळंत झाली आणि लेकरांसाठी गावात पसाभर गहू मागायला गेली. गावाने दिला नाही. म्हणून तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही, अशी तिथली आख्यायिका आहे. त्या देवळाचा जीर्णोद्धार शरद जोशींच्याच पुढाकाराने झाला. त्या गोष्टीतली एखादी बाई सीतेला मूठभर गहू द्यायला मनातून तयार असेलच. पण शेजारणीने दार लावलेलं पाहून तिनेही लावलं असेल, असं आम्हाला ती गोष्ट सांगताना दर वेळी वाटतं.

स्वयंपाकघराचा इतिहास सांगतो म्हटलं होतं, तो अमेरिकेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात तिकडे चांगलं मटण सैन्याकडे जाऊ लागलं. सरकारला वाटलं की लोकांनी काळीज, गुर्दे असलं खावं, ते पौष्टिक असतं. तिथल्या बाया नाक मुरडायच्या, घरात शिजवायच्याच नाहीत. कुर्ट लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी बायांचे सहा गट घेतले, एकेका गटात तेरा ते सतरा जणी. तीन गटांना जाणकाराचं छान व्याख्यान दिलं, पौष्टिकता सांगितली, कृतीचे कागद वाटले. उरलेल्या तीन गटांत व्याख्यान न देता चर्चा ठेवली. आपल्यासारख्या बाया हे शिजवायला का तयार नसतात, वास येतो का, नवरा काय म्हणेल, असं बोलणं झालं. शेवटी विचारलं, पुढच्या आठवड्यात कोण करून पाहणार? हात वर झाले. काही दिवसांनी घरोघरी चौकशी केली. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शंभरात तिघींनी ते शिजवलं होतं. चर्चेतल्या शंभरात बत्तीस जणींनी.

प्रशिक्षणाला येणाऱ्या साहेबांना आम्ही हे आकडे आवर्जून सांगतो. दोन तास भाषण, मग चहा, मग सह्या आणि फोटो, त्यातून तिघी मिळतात. परसबाग असो, सोयाबीनची बीजप्रक्रिया असो, मुलीचं लग्न अठराच्या आत न करणं असो, बायांना गोल बसवून आधी अडचणी बोलू द्याव्या लागतात. बोलता बोलता शेजारीण तयार झालेली दिसली की निम्मं काम होतं.

आपल्या बचत गटांची चाल नेमकी हीच. सरकारने १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम काढलं. नाबार्डने १९९२ साली पाचशे गट बँकेला जोडून पाहिले. २०११ पासून उमेद अभियान आलं, मग ग्रामसंघ, प्रभागसंघ झाले. याआधी १९०४ सालीही सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला होता, दहा जणांनी मिळून संस्था काढावी आणि एकमेकांच्या कर्जाला सगळ्यांनी जबाबदार राहावं, असा. पण ज्याच्या नावे जमीन त्याची पत, आणि जमीन बायांच्या नावे नव्हती. त्यामुळे त्या इतिहासात आपण शोधून सापडत नाही. बचत गटाने पत जमिनीवरून काढून सवयीवर ठेवली. दर आठवड्याला बैठक, दर आठवड्याला बचत, वेळेवर परतफेड. एकटीने डब्यात टाकलेले पैसे सणाला निघतात. गटात टाकलेले निघत नाहीत, कारण दहा जणी पाहत असतात.

गटात काम मात्र लपूनही राहतं, हेही खरं. फ्रान्समध्ये माक्स रिंगेलमान नावाचे शेती अभियंते होते. त्यांनी माणसांना दोरखंड ओढायला लावला आणि जोर मोजला. १९१३ साली त्यांनी छापलेल्या आकड्यांत आठ जणांनी मिळून ओढलं तेव्हा एकेकाचा जोर एकट्याने ओढताना होता त्याच्या जवळपास निम्म्यावर आला. गटाची पापड मशीन, गटाची दालमिल धूळ खात का पडते, याचं एक उत्तर त्या दोरखंडात आहे. कोणत्या दिवशी कोण, हे वहीत लिहिलं की मशीन चालते.

आणि एकटीचं काय? आपल्याच जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका बाईंनी शौचालय बांधायला मंगळसूत्रासकट दागिने विकले. २०१५ साली ग्रामविकास मंत्र्यांनी त्यांचा सत्कार केला, पेपरांत बातम्या आल्या. मंगळसूत्र विकणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. साऱ्या गावाच्या रीतीविरुद्ध एक बाई उभी राहू शकते. पण अशा बाया थोड्या असतात. अमेरिकेत सॉलोमन अॅश यांनी १९५१ च्या सुमारास एक प्रयोग केला. कागदावरच्या रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी, एवढंच सांगायचं होतं. लहान लेकरू सांगेल इतकं सोपं. पण आधी बसलेले सगळे जण ठरवून चुकीचं उत्तर देत. मग खऱ्या माणसाची पाळी येई. डोळ्यांना दिसत असूनही चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी चुकीच्या उत्तराला हो म्हटलं. मग अॅश यांनी त्या बसलेल्यांत एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. फक्त एकाला. लगेच चुकांचं प्रमाण अगदी खाली आलं.

बैठकीत सगळ्या हो म्हणताना एक जण "थांबा, मले पटत नाही," म्हणते, तेव्हा तिला गप्प करू नका असं आम्ही म्हणतो, ते यासाठी. तिच्यामागे गप्प बसलेल्या आणखी चौघी असतात.

आता जी गोष्ट सांगायची ती आजची आहे. गेल्या काही वर्षांत गावागावांत खाजगी कंपन्यांचे कर्जाचे गट झाले. पाच-दहा जणींचा फोटो काढतात, आधार कार्ड घेतात, आठवड्याभरात पैसे. नाव गटाचंच. पण तिथे बचत नाही, बैठकीत आपलं बोलणं नाही, हिशेबाची वही आपल्याकडे नाही. फक्त एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा, एवढंच. साहेब केंद्रावर बसून राहतो आणि म्हणतो, तिचे पैसे येईपर्यंत कुणी उठायचं नाही. मग बायाच बाईच्या दारात जातात. घरात तूर विकली नाही, माणूस आजारी आहे, हे त्यांनाही माहीत असतं. तरी भांडी उचलायची भाषा होते. गटाची ताकद ती हीच, सुप्याच्या बाजारात होती तीच, पण आता ती सावकाराच्या हातात गेलेली आहे, आणि त्याला स्वतःला दारात यायचीही गरज उरलेली नाही.

सामूहिक हमीशिवाय गरीब बाई कर्ज फेडणार नाही, असं सांगतात. बांगलादेशात ज्या ग्रामीण बँकेने पाच-पाच जणींच्या गटांची पद्धत गाजवली, त्या बँकेनेच पुढे २००० नंतर एकीच्या कर्जाचा बोजा दुसरीवर टाकणं सोडलं. फिलिपिन्समध्ये एका बँकेने काही गटांची सामूहिक हमी काढून टाकली, तरी वसुली घटली नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास हे बसत नाही. हे कागदावर लिहून ग्रामसंघाच्या भिंतीवर लावा. आणि एखादीच्या दारात जायची वेळ आली, तर आधी तिच्या घरी किती कंपन्यांचे हप्ते चालू आहेत ते मोजा.

शेवटचा मुद्दा मतदानाचा. लेविनच्या गटात हात वर करून घेतले आणि त्याचा फायदा झाला, कारण तिथे कुणाला कुणाची भीती नव्हती. जिथे भीती आहे तिथे हात वर करायला लावणं म्हणजे उत्तर आधीच ठरवणं. म्हणून कुणाचं कर्ज मंजूर करायचं, अध्यक्ष-सचिव बदलायचे का, असल्या गोष्टींना आम्ही चिठ्ठ्या टाकायला सांगतो. लिहिता न येणारीसाठी हरभरा आणि तूर. हो असेल तर हरभरा, नाही असेल तर तूर, मूठ बंद करून डब्यात. निकाल हात वर केल्यापेक्षा वेगळा निघाला असं पुष्कळदा होतं.

दारूच्या दुकानाबाबत सरकारचा नियमही असाच आहे, 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणून तो तुम्हाला ठाऊक आहे. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. सह्या गोळा करणं हे गटाचं काम, घोळक्याने दारोदार जायचं. मत मात्र पडद्याआड, एकटीने, दुकानदार आपल्याच भावकीतला असला तरी. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याहून नव्हे, यादीतल्या एकूण बायांच्या. ऊसतोडीला गेलेली, पुण्याला बांधकामावर गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि ज्यांची नावं मेल्यावरही यादीतून काढलेली नाहीत त्या म्हाताऱ्या, या सगळ्या त्या हिशेबात येतात. तेव्हा अर्ज करण्याआधी मतदार यादी आणा, नावं एकेक करून वाचा, आणि कोण गावात कधी असते ते प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहा.